दख्खनचा झालेला हबशी : मलिक अंबर

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात दोन किल्ले दिसतात. एक खांदेरी आणि दुसरा उंदेरी. आपल्या गावच्या मुलांना ते इतके परिचयाचे आहेत की त्यांच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधावयास घेतला. इंग्रज व सिद्दी या दोघांच्या आरमारांना तोंड देत मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी तो राखला. लगेच पुढच्या जानेवारीत, म्हणजे १६८० साली, सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवून तटबंदी उभी केली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यात खांदेरी आहे. ती बातमी आली तेव्हा मी वर्गात या दोन्ही किल्ल्यांची हकीकत सांगितली. तास संपल्यावर सातवीतील एक मुलगा मागे थांबला. खांदेरी आपला आणि उंदेरी परक्यांचा, असे मानायचे का, असे त्याने विचारले. मी होय म्हणणार होतो, इतक्यात त्याने पुढचा प्रश्न केला. खांदेरीवरचा दौलतखान मग कोण आणि आपण कोण?

त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी आलो, पुस्तके काढली आणि वाचता वाचता एका माणसाच्या चरित्राशी येऊन थांबलो. तो माणूस थळला कधी आला असेल असे नाही. पण परक्या मुलखातून आलेला शिपाई ज्या भूमीसाठी लढतो तिचा तो केव्हा होतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात त्याच्याइतके कुणाच्याच आयुष्यात स्पष्ट सापडत नाही. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. हे मूल गुलामांच्या बाजारात विकले गेले. आईबापांनीच त्याला विकले, असे सांगतात. पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी पुढे प्रत्यक्ष मलिक अंबरला भेटला होता. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात ऐंशी गिल्डर किमतीला हा मुलगा विकला गेला, अशी नोंद त्याने केली आहे. त्या काळी आईबापांनी कोणत्या हलाखीत असे केले असेल याची कल्पना करवत नाही. तेथून चापू बगदादला गेला. तेथील मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले, इस्लामची दीक्षा दिली, अंबर हे नाव ठेवले आणि त्याला लिहावाचायला व हिशेब शिकवला.

पालकबंधूंनो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत शिक्षणाची महती गाण्याची प्रथा आहे आणि मीर कासीमने गुलामाच्या पोराला शिकवले हे सांगून मलाही ती पाळता येईल. परंतु खरे तेच सांगितले पाहिजे. त्याने मुलाला शिकवले आणि नंतर विकलेही. शिकलेल्या गुलामाला भाव जास्त येत असे. तरी एक गोष्ट राहते ती अशी की, पुढे मालक गेला, तो गेला तो काळही गेला, पण शिकवलेला हिशेब मुलापाशीच राहिला. पन्नास वर्षांनी साऱ्या निजामशाहीच्या शेतसाऱ्याची घडी याच मुलाने बसविली.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही मूळचा हबशी आणि एके काळचा गुलामच होता, आणि त्याच्यापाशी असे सुमारे एक हजार हबशी होते. आपले चौल हे त्या वेळी निजामशाहीचे मोठे बंदर होते. अरबस्तानातील घोडे तेथे उतरत आणि दख्खनच्या सुलतानांना जितकी घोड्यांची गरज होती तितकीच घोड्यावर बसणाऱ्या भरवशाच्या माणसांचीही होती.

हा भरवसा कशाचा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे चरित्र कळणार नाही. स्थानिक सरदाराला स्वतःचे वतन असते, भाऊबंद असतात, सोयरीक असते. राजापेक्षा त्याला ते जवळचे. परमुलखातून आणलेल्या पोराला यातले काहीच नसते. घर तुटलेले, भाषा सुटलेली, परतीची वाट बंद. मालकाशिवाय त्याला जगात कोणी नसते, म्हणून तो मालकाशी इमानी राहील, असा हिशेब होता. हा हिशेब क्रूर होता, यात शंका नाही. पण त्याच्या पोटी एक वेगळीच गोष्ट निघाली.

दख्खनच्या दरबारांत त्या काळी दोन तट असत. एक दख्खनी आणि दुसरा आफाकी, म्हणजे परदेशी. इराणातून वा मध्य आशियातून आलेले विद्वान, व्यापारी, सरदार हे आफाकी. ते स्वतंत्र होते, खानदानी होते, दरबारची फारसी भाषा त्यांची स्वतःची होती. तरीही ते परदेशी गणले गेले, कारण त्यांचे लक्ष मायदेशाकडे असे आणि सोयरीक आपसांत असे. हबशी मात्र बाजारातून साखळीने आलेले असूनही बहुतेक वेळा दख्खनी तटात उभे राहिले. त्यांना परत जायला देशच उरला नव्हता. ते येथेच लढले, येथेच त्यांची लग्ने झाली आणि मुलेबाळेही येथेच वाढली. कुठल्याही काझीने वा कारकुनाने त्यांना दाखला दिला नाही, पण लोकांनी मात्र त्यांना आपल्यात धरले.

१५७५ च्या सुमारास चंगीझखानाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. सत्ताविशीच्या आसपासचा हा तरुण आता कुणाचाच गुलाम नव्हता आणि कुणाचा चाकरही नव्हता. त्याने लग्न केले. बीबी करीमा हे त्याच्या पत्नीचे नाव. थोडे सोबती जमवून तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीस गेला आणि तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. सुमारे वीस वर्षे त्याने अशी भाडोत्री शिपाईगिरी केली. त्या वर्षांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. १५९५ च्या सुमारास विजापूरकरांशी बिनसले, तेव्हा सुमारे दीडशे स्वारांनिशी तो अहमदनगरला परत आला.

तो परत आला तेव्हा अहमदनगरचे दिवस भरत आले होते. अकबर बादशहाची फौज दारात होती. चांदबीबीने १५९५-९६ साली किल्ला लढवून वाचवला, पण १६०० साली तिचा तिच्याच लोकांनी खून केला आणि ऑगस्ट महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती गेला. लहानगा निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. राजधानी गेली आणि राजाही गेला, तेव्हा निजामशाही संपली असेच दिल्लीआग्ऱ्याच्या लोकांनी धरले असणार. मोठमोठे सरदार मोगलांना जाऊन मिळालेही. आणि त्याच वेळी, ज्याला या भूमीत जन्माचा कोणताच अधिकार नव्हता, त्या बावन्न वर्षांच्या हबशाने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले. दुसरा मूर्तझा निजामशहा तो हाच. मलिक अंबरने आपली मुलगी त्याला दिली. गुलामाच्या बाजारात ऐंशी गिल्डरला विकला गेलेला माणूस सुलतानाचा सासरा आणि राज्याचा वजीर झाला.

पुढची सव्वीस वर्षे तो मोगलांशी लढत राहिला. सर्व लढाया सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. १६०२ साली नांदेडजवळ तो जखमी होऊन पडला, पण त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले. राजू दख्खनी नावाच्या प्रतिस्पर्ध्याला १६०७ च्या सुमारास त्याने दूर केले. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि पुढे दौलताबादेस नेली. १६१० साली अहमदनगरचा किल्ला परत घेतला. मोगलांची तोफखान्याची व अवजड सरंजामाची फौज समोरासमोर हरवणे शक्य नाही हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने हलक्या घोडेस्वारांची युद्धपद्धती वाढवली. शत्रूची रसद मारायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात ओढून न्यायचे आणि उघड्या मैदानात मात्र हाती लागायचे नाही. हे काम करणारे स्वार बहुतांशी मराठे होते. त्या सुमारास आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदले आहे. म्हणजे पाचात चार माणसे याच मातीतली. मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार होते. त्यांचे पुत्र शहाजी व शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. गनिमी काव्याची शाळा महाराष्ट्रात अशी मोठ्या प्रमाणावर भरली आणि तिचा मुख्याध्यापक एक हबशी होता, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, पण विसरत नाहीत.

जहांगीर बादशहाला या माणसाचा किती संताप होता याचे एक चित्रच शिल्लक आहे. दरबारी चितारी अबुल हसन याने ते काढले. बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर लावलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडीत आहे, असा देखावा त्यात आहे. प्रत्यक्षात जहांगीरला हे शिर कधीच मिळाले नाही. बादशहाने आपल्या आठवणीत त्याच्या रंगावरून व जातीवरून त्याला वाईटसाईट शब्द वापरले आहेत. त्याच दरबाराच्या बखरकाराने मात्र अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची व शिस्तीची मनमोकळी स्तुती केली.

आता एक काळी बाजू. ती झाकून चरित्र सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. १६१० साली मूर्तझा निजामशहाच्या मोठ्या बेगमेने, जी इराणी घराण्यातील होती, अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. डच व्यापाऱ्याच्या लेखाप्रमाणे, हे कानी येताच अंबरने सुलतान व ती बेगम दोघांनाही विष देवविले आणि सुलतानाच्या अवघ्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले. ज्याला स्वतः गादीवर आणले त्या जावयाचा असा शेवट केला. याचे समर्थन होऊ शकत नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, पस्तीस वर्षे मुक्त राहूनही, वजीर होऊनही, मुलगी राणी होऊनही तो एक शब्द घरात पुन्हा ऐकू आला, हेही ध्यानात घ्यावे.

शस्त्राइतकेच त्याचे नाव दोन कामांनी राहिले. पहिले शेतसाऱ्याचे. सारावसुलीचा इजारा देण्याची पद्धत तेव्हा होती. इजारदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून वाटेल ते उपटी. अंबरने ती बंद केली, जमिनीच्या प्रतीप्रमाणे व पिकाप्रमाणे सारा बांधला आणि गावच्या पाटलामार्फत वसुली ठेवली. आरंभी पिकाचा दोन पंचमांश भाग, पुढे रोख रकमेत सुमारे तिसरा हिस्सा, असे त्याचे प्रमाण सांगतात. रयतेच्या तोंडी मलिकंबरी धारा हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि शिवशाहीच्या सारापद्धतीनेही त्याचा आधार घेतला. दुसरे काम खडकी शहराचे. १६१० साली वसवलेल्या या शहराचे पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. शहराला पाणी नव्हते. अंबरने डोंगरातील झरे जमिनीखालून एकत्र करून नहर बांधला आणि उताराच्या जोरावर पाणी घरोघरी आणले. नहर-ए-अंबरी म्हणून तो प्रसिद्ध आहे. पंप नाही, यंत्र नाही, तरी तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या पाण्यावर शहराची तहान भागली. त्याने बांधलेला भडकल दरवाजा आणि जामा मशीद आजही तेथे उभी आहेत. परकी फौज मुलूख लुटून निघून जाते. ती पाण्याचे नळ घालीत बसत नाही.

आजच्या जगात आपला आणि परका हे कायद्याने ठरते. नागरिकत्व म्हणजे कागद. तरीसुद्धा शिपायाचा प्रश्न सर्वत्र निराळाच राहिला आहे. फ्रान्सने १८३१ साली परदेशी लोकांची एक स्वतंत्र पलटण उभारली. तिच्यात तीन वर्षे चाकरी केल्यावर फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि १९९९ च्या कायद्याने लढाईत जखमी होणाऱ्याला सांडलेल्या रक्ताच्या आधारेच ते मागता येते. नेपाळच्या गुरख्यांनी १९४७ च्या करारान्वये आपल्या भारतीय सैन्यात शौर्य गाजवले, तेही नेपाळचे नागरिक राहूनच. इंग्लंडसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या गुरखा निवृत्तांना त्या देशात राहण्याचा सरसकट हक्क मिळायला २००९ साल उजाडावे लागले. आणि पंजाबचे भगतसिंग थिंड यांची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. १९१८ साली अंगात गणवेश असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले आणि काही दिवसांतच काढून घेतले गेले. १९२० साली पुन्हा मिळाले, पण ते गोरे नाहीत म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. शेवटी माजी सैनिकांसाठी नवा कायदा झाल्यावर १९३६ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. गोळी झेलायला चालतो, शेजारी राहायला चालत नाही, असे प्रगत म्हणविणाऱ्या देशांनीही केले आहे. मलिक अंबरच्या दख्खनमध्ये गुलामांचा बाजार होता, हे त्या काळाचे लांछन. पण त्या बाजारातून आलेल्याला वजीर होताना कुणी जन्मस्थानाचा दाखला मागितला नाही, हेही त्याच काळातले.

त्याची वाट सोपी मात्र कधीच नव्हती. १६१६ साली जालन्याजवळ रोषणगाव येथे त्याचा मोठा पराभव झाला. त्यापूर्वीच काही मराठे सरदार आणि काही हबशी सरदारही मोगलांकडे गेले होते. आपली माणसे म्हणजे आपल्या जातीची माणसे, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम पाहावी. मोगलांनी खडकी जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. १६१७ आणि १६२१ साली शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्याशी तह करून मुलूख द्यावा लागला. अंबरने सही केली आणि थोड्याच काळात पुन्हा घोड्यावर बसला.

१६२४ साली मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर आले. अंबर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले. पावसाने आधीच चिखल झालेला. रसद तुटली, जनावरे रुतली, रात्रीच्या छाप्यांनी झोप उडाली, आणि मग त्याने हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. दोन बलाढ्य सत्तांच्या एकत्र फौजेचा इतका पूर्ण पराभव दख्खनमध्ये क्वचितच झाला असेल. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम केला आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामास आले. शिवरायांचे सख्खे चुलते एका हबशी वजिराच्या सैन्यात, निजामशाहीसाठी लढताना पडले. परमानंद कवीच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे आणि मलिक अंबरचा उल्लेख आदराने केलेला आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची साध्या दगडी घुमटाची कबर आहे. जवळच बीबी करीमाचीही आहे.

त्याचा मुलगा फत्तेखान याला हे राज्य पेलले नाही. त्याचा जन्म येथलाच, गुलामगिरी त्याने पाहिलेली नव्हती, तरी १६३३ साली त्यानेच दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला आणि उरलेले आयुष्य त्यांच्या तनख्यावर काढले. निजामशाही वाचवण्यासाठी शेवटपर्यंत झुंजले ते शहाजीराजे. त्यांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवून राज्य चालवले. अंबरने परांड्याला जे केले तेच. १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यात त्यांना शरण जावे लागले तेव्हा निजामशाही खरोखर संपली.

दंडाराजपुरीच्या जंजिऱ्यावर निजामशाहीने नेमलेले हबशी अंमलदार होते. राज्य बुडाल्यावर त्यांनी आदिलशहाची आणि पुढे मोगलांची चाकरी धरली. त्यांच्याच परंपरेतला सिद्दी कासम १६८० साली उंदेरीवर उतरला. समोर खांदेरीवर शहाजीराजांच्या मुलाची माणसे होती. पुढल्या सहलीला त्या सातवीतल्या मुलाला मी होडीत बरोबर घेणार आहे. आता तो आठवीत आहे. दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये होडी आली की त्याला सांगेन की उजवीकडच्यांचे वडीलधारे आणि डावीकडच्यांचे वडीलधारे एकाच राज्याच्या चाकरीत होते, आणि काही काळ त्यांचा वजीर मोखाच्या बाजारातून आलेला होता. दौलतखान कोण आणि आपण कोण, हा त्याचा प्रश्न अजून माझ्याकडे बाकी आहे. तो पुन्हा विचारील याची मला खात्री आहे.